घरच्या होडीचं नाव

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१७ नोव्हेंबर २०२४

ती. वेणूआत्यास,
प्रांजलचा साष्टांग नमस्कार.

काल हरेशदादाने कळंबोलीला ट्रेलर उभा करून मला बोलावलं आणि तुझी चिठ्ठी हातात दिली. केमोच्या सलाइनने तोंड आलंय, बोलता येत नाही, आणि फोन आला की वहिनी तो स्पीकरवर टाकते मग सगळं घर ऐकत बसतं, म्हणून आता पत्रंच लिहायची, हे तू बरं ठरवलंस. मलाही फोनवर धड सांगता येत नाही. तू विचारतेस आणि मी नुसती 'हो, हो' करत राहते.

तुझे दोन प्रश्न आहेत. ऑपरेशनमध्ये काढलेला तुझ्या छातीचा तुकडा माझ्या लॅबमध्ये आला का, आणि आला असेल तर मी त्याचं काय केलं.

पहिल्याचं उत्तर मला माहीत नाही. टाळत नाहीये, खरंच माहीत नाही. तपासणीला लागतो तेवढा भाग हॉस्पिटल ठेवून घेतं. उरलेला, ज्या बायकांनी सही दिली आहे त्यांचा, आमच्याकडे खारघरला येतो. त्याआधी हॉस्पिटलातल्या रेवाताई त्यावर नंबर घालतात. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त त्यांना ठाऊक. तू सही केलीस तेव्हा मी खोलीबाहेर उभी राहिले होते, आठवतं ना? घरची पोरगी असून परक्यासारखी बाहेर काय उभी, म्हणून तू रागावली होतीस. पण मी आत असते तर तू कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून सही केली असतीस. ते मला नको होतं.

दुसऱ्याचं सांगते. तुकडा बर्फाच्या डब्यातून येतो. काचेच्या बशीत तो दोन ब्लेडांनी अगदी बारीक चिरायचा. मग पेशींना धरून ठेवणारं जाळं सैल करणाऱ्या एका द्रावणात रात्रभर हलवत ठेवायचा. उरतात ते बारीक पुंजके. ते एका जेलमध्ये मिसळून त्याचे थेंब बशीत सोडायचे. हे जेल उलट्या स्वभावाचं आहे, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट. वरून गुलाबी रंगाचं पोषक पाणी घालायचं आणि बशी माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायची. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की पुंजक्यांचे गोळे झालेले दिसतात, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. काही आतून पोकळ असतात, काही भरीव. छातीच्या आत दुधाच्या नळ्या असतात, तसं काहीतरी ते आपलं आपण रचू बघतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्यांच्यावर औषधं लावून बघायची, कुठलं चालतं, कुठलं नाही, आणि का नाही. माणसावर करून बघता येत नाही ते त्यांच्यावर.

हे वाचून तुला कसंतरी झालं तर सांग. सही मागे घेता येते. तुझ्या नंबरचं सगळं काढून टाकतील आणि तो तुझा होता हे मला कळणारही नाही. हा परिच्छेद मी तीनदा लिहिला, तरी बरोबर झालाय असं वाटत नाही.

तुझी,
प्रांजल

*

करंजा, उरण
२५ नोव्हेंबर

चि. प्रांजलला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी पाढे म्हणायचीस तसंच लिहिलंयस, चुकायच्या भीतीने थांबत थांबत. चुकलं तर छडी मारायला मी आता तिथे नाही, तेव्हा जरा सैल लिही.

कसंतरी वगैरे काही झालं नाही. आयुष्यभर मासळी कापली, माझं मेलीचं कशाने काय होणार. उलट बरं वाटलं. बर्फात ठेवतेस, बारीक चिरतेस, वेळेवर पाणी बदलतेस, म्हणजे अखेर तू कोळणीचंच काम करतेस. तुझ्या बाबाला हे वाचून दाखवलं. भगवान म्हणाला, मग एवढी वर्षं कॉलेजात कशाला घातली?

इकडे वेगळाच तमाशा आहे. मला मासळीचा वास सहन होत नाही. तुझ्या वहिनीने परवा बोंबील तळले तर मी उठून मागल्या पडवीत जाऊन बसले. कोळणीला मासळीची ओकारी म्हणजे सोनाराला सोन्याची. बांबूंच्या वलांडीवर सुकट वाळत घातलेली असते तिथून जाताना नाकाला पदर लावते, बाया बघून हसतात. सगळं सोसेन पण हे नाही. डॉक्टर म्हणतात, सलाइनी संपल्या की वास परत गोड लागेल. त्या लाल सलाइनचा रंग तू पाहिलायस का? कोकमाच्या सारासारखा.

आता माझे प्रश्न. त्या गोळ्यांना दुखतं का? आणि तू त्यांना नुसत्या नंबरांनी ओळखतेस? माणसाच्या काळजाच्या इतक्या जवळचा तुकडा, त्याला काय ट्रेलरसारखा नंबर? गोंधळ होत नाही तुझा?

जेवत जा.

तुझी,
वेणूआत्या

*

खांदा कॉलनी
८ डिसेंबर

ती. वेणूआत्यास,
सा. न.

दुखत नाही. दुखणं पोचवणाऱ्या नसा त्यांच्यात नसतात. हे मी मॅडमना विचारून लिहितेय. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. मला आधीच माहीत होतं, पण तू विचारल्यावर एकदम खात्री वाटेना.

सैल लिही म्हणालीस म्हणून एक गोष्ट सांगते. ती कुणाला सांगू नकोस, लॅबमध्येही कुणाला माहीत नाही. नंबरांनी माझा गोंधळ होतो. वहीत सगळं नंबरानेच लिहिते, पण मनात मी प्रत्येक नमुन्याला एकेका होडीचं नाव दिलंय. तू मला वाचायला शिकवलंस ते शाळेच्या आधी, धक्क्यावर नेऊन. तुझ्या डोक्यावर टोपली आणि माझ्या हातात तुझा पदर. प्रत्येक होडीपाशी थांबवायचीस आणि नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाहीस. त्यामुळे मला कुठलंही अवघड काही लक्षात ठेवायचं असलं की होड्याच आठवतात. एक नमुना 'जलपरी', वाढतो भरभर पण लगेच गळपटतो. एक 'गावदेवी', त्याचे गोळे पोकळ आणि देखणे. 'रत्नसागर' म्हणून एक आहे, तो काही केल्या वाढायलाच तयार नव्हता. तेव्हा आठवलं, त्या होडीचं इंजिनही कधी एका दमात सुरू व्हायचं नाही.

आणि एक 'भामाई'. मी वाचलेलं पहिलं नाव. आजीचं नाव आपल्या होडीला होतं, आता होडी नाही, म्हटलं इथे तरी असू दे. या नमुन्याला शोभतंही. सगळ्यांत उशिरा आला आणि सगळ्यांत दणकट निघाला. गेल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांवर नेहमीचं, तू लिहिलेलं ते लाल औषध लावलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाकीच्यांचे गोळे काळपट होऊन फुटायला लागले. भामाई मात्र जशीच्या तशी. तिला काही स्पर्शच झाला नाही. खरं सांगू, मला मनातून आनंद झाला. सगळ्यांवर चालणाऱ्या औषधाला एखादा नमुना दाद देत नाही, तेव्हाच शोधण्यासारखं काही हाती लागतं. मॅडमनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

वास परत येईल गं. तोवर पडवीत बैस आणि मला शिव्या घाल.

तुझी,
प्रांजल

*

करंजा
१६ डिसेंबर

चि. प्रांजलला आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे थंडी बरी आहे. हरेशच्या गाडीचं क्लचचं काम निघालं, म्हणून पत्राला उशीर.

जास्त लिहीत नाही. एवढंच कळव, भामाई अजून तशीच आहे का? तेच औषध परत एकदा लावून बघितलंत का?

वेणूआत्या

*

खांदा कॉलनी
२२ डिसेंबर

ती. वेणूआत्यास,
सा. न.

तुझं इतकं छोटं पत्र पहिल्यांदाच आलं. पण प्रश्न अगदी मॅडमसारखा विचारलास. तू लॅबमध्ये असतीस तर माझं काही खरं नव्हतं.

हो, परत लावलं. एकदाच दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नसतो. या वेळी औषधाचं प्रमाण वाढवून लावलं. भामाई अजून तशीच. काठावरचे दोन-चार गोळे थोडे आक्रसले, बाकी ठणठणीत. आता तिच्यात असं काय आहे की औषध आत शिरत नाही, किंवा शिरलं तरी ती ते बाहेर फेकते, हे शोधायचं आहे. माझ्या प्रबंधाचा अख्खा भाग तिच्यावरच उभा राहील असं वाटतंय.

आजीचं नाव राखलं म्हणायचं.

या महिनाअखेरीला तुझी सलाइन असेल ना? दादा सुट्टी घेणार आहे म्हणाला होता. झाली की दोन ओळी टाक.

तुझी,
प्रांजल

*

खांदा कॉलनी
१३ जानेवारी २०२५

आत्या,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. मी समजले, सलाइननंतर अंगात त्राण नसेल. आज दादा आला आणि जिन्यातच बसला. म्हणाला, हॉस्पिटलातून फोन आला होता, तुमचा पेशंट मागच्या तारखेलाही आला नाही आणि काल पण नाही, उपचार सोडलेत का? त्याला तू सांगितलंस की हॉस्पिटलनेच तारीख पुढे ढकलली. दोन्ही वेळा. त्याने विश्वास ठेवला, कारण तू आजवर त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतंस.

त्याने घरी येऊन विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, "तुझ्या बहिणीला विचार. तिला समदं ठाव हाय."

मला काय माहीत आहे, आत्या? मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. माझी पत्रं माझ्याकडे नाहीत, पण काय लिहिलं ते आठवत बसले. जे मला आता सुचतंय ते खरं असेल तर मी फार वाईट काम केलंय. पण माझ्या मनाने काही गृहीत धरण्याआधी तू लिही. दादा उद्या परत फेरीला जातोय, परवा सकाळी परत इथून जाईल. एवढं उत्तर त्याच्याकडे दे.

प्रांजल

*

करंजा
१५ जानेवारी

चि. प्रांजलला आशीर्वाद.

घाबरू नकोस. मी रागावलेली नाही.

तू सही करताना बाहेर उभी राहिलीस, नंबर माहीत नाही म्हणालीस, नियम सांगितलेस. मला पटलं होतं. मग तुझं ते पत्र आलं. होड्यांची नावं. जलपरी काळूरामची, गावदेवी खालच्या आळीची, सगळी लोकांची. आणि एक आपली. प्रांजल, आपल्याकडे घरच्या होडीचं नाव परक्याला देतात का? भामाई विकली तेव्हा तुझ्या बाबाने आधी नावाची फळी काढून घेतली आणि मग होडी दिली. घेणारा जास्त द्यायला तयार होता, फळीसकट दे म्हणत होता. भगवानने दिली नाही. ती फळी अजून आपल्या दारावर आहे, तू रोज तिच्याखालून जात होतीस. मला वाटलं, पोरीला तोंडाने सांगायला बंदी आहे म्हणून तिने नावातून सांगितलं. माझी हुशार पोर.

मग पुढे वाचलं की भामाईला औषध लागत नाही.

खात्री करावी म्हणून मी परत विचारलं. तू लिहिलंस, वाढवून लावलं तरी ठणठणीत. तुझं पत्र आनंदाचं होतं. मी म्हटलं, बरंय, तिचं शिक्षण तरी होईल.

मग मी कशासाठी घेऊ ते? इंजिन धरत नसेल तर डिझेल जाळत बसत नाही कुणी. केस गेले, तोंड गेलं, ते चाललं. पण मला माझ्या घरात जेवता येत नाही. दोन तारखा गेले नाही तर परवा सुकटीचा वास घेतला आणि बरं वाटलं. जे काही दिवस आहेत ते मला नाकासकट हवेत.

आता हरेश रडतोय, भगवान बोलत नाही. तुझ्यासाठी एक करते. तू मला एक ओळ लिही. 'भामाई तुझी नाही.' एवढंच. मी त्याच दिवशी हॉस्पिटलात जाईन, कुणाला काही विचारणार नाही. तुला अक्षर मी शिकवलंय, तुझ्या अक्षरात आलं की मला पुरे.

नाय लिहिलंस तर समजेन काय समजायचं ते.

तुझी,
वेणूआत्या

*

खांदा कॉलनी
१९ जानेवारी

ती. वेणूआत्यास,

मी ती ओळ लिहू शकत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे खालच्या मजकुरात तू ती शोधत बसणार नाहीस.

दादा म्हणाला, "लिहून टाक ना, तुझं काय जातं? दोन शब्द आहेत. ती जगेल." मी वही उघडली होती. मग मला वाटलं, खोटं लिहिण्यापेक्षा खरं काय ते शोधूनच काढू. रेवाताई मला ओळखतात. दुपारी एकत्र चहा घेतो आम्ही. मी हॉस्पिटलात त्यांच्या दारापर्यंत गेले. त्या आत डबा खात होत्या, या म्हणाल्या. मी दारातच उभी राहिले आणि विचार केला. भामाई तुझी नसली तर मी धावत येऊन ती ओळ लिहीन. आणि तुझी असली तर? तर मी काय करीन, हे मला त्याच क्षणी कळलं. तरीही तीच ओळ लिहीन. म्हणजे आत काहीही निघालं तरी कागदावर एकच ओळ येणार होती. मग त्या ओळीत काय राहिलं? तू माझ्या अक्षरावर विसंबून जाशील आणि अक्षराच्या मागे काही नसेल. मी त्यांना, सहज आले होते, म्हणून सांगितलं आणि परत फिरले.

मग मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं, नावांचंसुद्धा. वाटलं होतं काढून टाकतील. नमुन्यांना नावं दिल्याबद्दल त्या बोलल्या नाहीत, निकाल घरी लिहिल्याबद्दल बोलल्या, आणि ते बरोबर होतं. शेवटी म्हणाल्या, "माझ्या आईचा नमुना तिथे असता ना, तरी बशीत जे दिसलं त्यावरून मी तिचं औषध थांबवलं नसतं." हे मी त्यांच्या परवानगीने लिहितेय.

भामाईला मी आपलं नाव का दिलं? त्यात काहीच खूण नव्हती. पहिलं वाचलेलं नाव होतं आणि मला घरची आठवण येत होती, एवढंच. फळीचं मला ठाऊक होतं, रोज तिच्याखालून जात होते, पण ती तिथे का आहे हे मी कधी विचारलं नाही. घरातलं आपल्याला माहीतच आहे असं मी धरून चालते. तू असं वाचशील हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

आता जे खरं माहीत आहे तेवढं लिहिते. भामाई तुझी असेल किंवा नसेल. तुझी असली तरी ती तू नाहीस. तिच्यात रक्त नाही, यकृत नाही, तापाशी झगडणारं काही नाही. एका थेंबात बसलेल्या थोड्या पेशी आहेत. पावसाळ्याआधी होडी ओढून वर घेतली की बाबा लाकूड ठोकून बघायचे. ठोकून लाकडाचं कळतं. पण ती पाण्यावर कशी चालेल हे किनाऱ्यावर कळतं का? ते खलाशांवर, वाऱ्यावर, भारावर असतं. तुझे डॉक्टर जे देतात ते कितीतरी वर्षं, कितीतरी बायकांना देऊन, पाण्यावर बघून ठरवलेलं आहे. माझं सगळं किनाऱ्यावरचं आहे. म्हणून ते खोटं नाही, पण तुझ्या बाबतीत निकाल द्यायला ते अपुरं आहे. ते औषध तुला लागू पडेलच असंही मी लिहू शकत नाही. कुणीच लिहू शकत नाही. न घेता मात्र ते कुणालाच लागू पडत नाही.

डॉक्टर म्हणतात, दोन तारखा चुकल्या तरी अजून पुढे चालू करता येईल. फार उशीर नको, म्हणतात. त्यांना भेटून माझ्या पत्रांमुळे काय झालं ते मी सांगितलंय. तुला काही विचारायचं असेल तर ते स्वतः बोलतील.

भामाई हे नाव मी आजपासून घेणार नाही. तिला परत नंबर केलाय.

तू नाही गेलीस तर मी ही ओळ न लिहिल्यामुळे गेली नाहीस, हे मला आयुष्यभर माहीत राहील. तरी लिहीत नाही.

प्रांजल

*

करंजा
६ फेब्रुवारी

चि. प्रांजलला अनेक आशीर्वाद.

गेले मी. आठ दिवस झाले सलाइन लागून. आज तोंड परत आलंय, म्हणून सावकाश लिहितेय.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी संताप आला. इतकं शिकवलं आणि पोरीला दोन शब्द लिहिता येत नाहीत. तुझ्या वहिनीला म्हटलं, चुलीत घाल. तिने नाही घातलं, डब्याखाली ठेवलं. चार दिवसांनी काढून परत वाचलं. तू रेवाताईच्या दारातून परत आलीस, दोन्ही वेळा तीच ओळ आली असती, तिथे अडकले. बराच वेळ तिथेच होते. मग एक गोष्ट डोक्यात आली जी इतके दिवस आली नव्हती. भामाई माझी नसेल, तर कुणाची? मी आपली ती माझी धरून बसले होते. तिथे दुसरी कुणी बाई असेल, तिचं घर असेल, हे मला सुचलंच नाय.

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी खोटा धीर दिला नाही, तुझ्यासारखंच बोलले, फक्त तुझ्यापेक्षा कमी शब्दांत. मग खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, गुणाबाई नाव. मिठागराकडची, पायांना अजून मिठाच्या भेगा. तिचा नवरा बाहेर रांगेत. तिलाही तीच लाल सलाइन. माझं आधी कुठपर्यंत झालं, ती विचारत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, तूच का गो भामाई? मग पलीकडची बघितली, मग तिच्या पलीकडची. सगळ्याजणी तशाच वाटायला लागल्या.

मग गुणाबाईने हळूच विचारलं, "बाय, लागू पडतं का गो ह्ये?"

तुझ्या तोंडाला कसलं कुलूप असतं ते मला तेव्हा कळलं. पडतं म्हणाले असते तर खोटं. कुणाला पडतं, कुणाला नाही, हे सांगितलं असतं तर तिनेही डिझेलचा हिशोब केला असता. मी म्हटलं, "मना ठाव नाय. मी पन घेतंय."

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. तेवढं तिला पुरलं असावं. मलाही.

आता तुझं चुकलं ते सांगते. नाव पुसायचं नव्हतंस. घरच्या होडीचं नाव परक्याला द्यायला बंदी नाही, न विचारता द्यायला बंदी आहे. ज्याचं नाव आहे त्याने राजीखुशीने नारळ वाढवायचा आणि नवीन होडीवर खोबरं पाठवायचं, मग नाव तिचं. तू विचारलं नाहीस. आज सकाळी मी भगवानकडून फळी खाली काढून घेतली, पुसली आणि तिच्यासमोर नारळ वाढवला. तो म्हणाला, कुणाला देतेस नाव? मी म्हटलं, मला माहीत नाही.

खोबरं हरेशबरोबर पाठवलंय. वाटून टाक. ती माझी असो की गुणाबाईची की आणखी कुणाची, भामाई म्हणत जा तिला. नंबराने कुणी बाई ओळखू येत नाही.

वास अजून सहन होत नाही. पडवीतच आहे.

तुझी,
वेणूआत्या

*

खांदा कॉलनी
९ फेब्रुवारी

ती. वेणूआत्यास,
साष्टांग नमस्कार.

खोबरं पोचलं. लॅबमध्ये खाण्याचं काही नेता येत नाही, म्हणून कॅन्टीनमध्ये वाटलं. मॅडमनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, घरी एका होडीला नाव दिलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एक तुकडा घेतला, आणि मग आणखी एक घेतला.

एक वाटी हॉस्पिटलात रेवाताईंना नेऊन दिली. कुठली बाई कुठल्या नंबरची हे त्यांना माहीत आहे. मी काही विचारलं नाही. त्यांनी खोबरं डब्यात झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, दुपारी बाहेर बसलेल्यांना देते थोडं थोडं.

उद्यापासून भामाईवर दुसरं औषध लावणार आहे. काय होतं ते तुला लिहिणार नाही. चांगलं झालं तरी नाही. तू विचारशील, मला माहीत आहे. तेव्हा मी बोंबलाचा भाव विचारीन.

कुणाची आहे ती, हे मला आता आधीपेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. झोपताना गुणाबाईच्या भेगा डोळ्यांसमोर येतात, मी त्या पाहिल्यासुद्धा नाहीत. काम करताना हात पूर्वीसारखा चालत नाही, जपून चालतो. ते चांगलं की वाईट, कळत नाही.

पुढच्या सलाइनला मी येतेय. दादाला सांगितलंय, मला वाटेत खांदा कॉलनीला घे. आणि या वेळी मी बाहेर उभी राहणार नाही.

तुझी,
प्रांजल